विश्लेषण : चर्चिल यांचे हाड बसवले, मग चाल का परतली नाही?

ऑक्टोबर १८९६. मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना विन्स्टन चर्चिल यांनी धक्क्यावरची लोखंडी कडी पकडली आणि तेवढ्यात लाटेबरोबर होडी खाली गेली. २१ वर्षांच्या या लष्करी अधिकाऱ्याचा उजवा खांदा निखळला. तो जन्मभर दुखला, पण त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. दंड शरीराला बांधून ते पोलो खेळले. १८९८ मध्ये ओमडुर्मनच्या लढाईत तलवारीऐवजी पिस्तूल घेऊन उतरले. (भारताबद्दलच्या त्यांच्या धोरणांचा राग आपल्याकडे आजही आहे, आणि तो रास्तच, पण इथे विषय त्यांच्या शरीराचा.)

जून १९६२ मध्ये ते पुन्हा पडले, मॉन्टे कार्लोच्या हॉटेलात. वय ८७. खुबा मोडला. हवाई दलाच्या विमानाने त्यांना लंडनला आणले आणि मिडलसेक्स रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली.

दोन पडण्यांत फरक काय?

मधल्या ६६ वर्षांत शरीराची गंगाजळी आटली होती. १९४९ मध्ये पक्षाघाताचा पहिला झटका आला. १९५३ मध्ये पंतप्रधान असतानाच दुसरा, मोठा झटका आला. तो जनतेपासून लपवला गेला. १९५५ मध्ये ८० व्या वर्षी त्यांनी पद सोडले. १९६० मध्ये घरातच पडून मणक्याचे हाड मोडले.

डॉक्टर याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. हा एखादा आजार नव्हे आणि नुसते वयही नव्हे. स्नायू, हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची राखीव ताकद इतकी कमी होते की एकच धक्का सगळी घडी विस्कटतो. म्हणून ८५ वर्षांची एखादी काटक आजी शस्त्रक्रियेनंतर लवकर उभी राहते आणि ७० वर्षांचे थकलेले आजोबा अंथरूण धरतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी न्यूमोनिया, शिरेत गुठळी, रात्रीचा भ्रम यांचा धोका राहतो. पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, आणि म्हाताऱ्या शरीरात ते सहजी परत येत नाहीत.

चर्चिल जवळपास आठ आठवडे रुग्णालयात होते. त्या काळासाठी आणि त्या वयासाठी ते बरे झाले हेच नवल. पण पूर्वीची चाल गेली. १९६३ मध्ये अमेरिकेने मानद नागरिकत्व दिले, तेव्हा ते स्वीकारायला मुलगा रँडॉल्फ गेला.

आज काय वेगळे होते?

खुबा मोडला की शक्य तितक्या लवकर, बहुधा दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करतात आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करायचा प्रयत्न होतो. अनेक ठिकाणी अस्थिशल्यतज्ज्ञाबरोबर वृद्धरोगतज्ज्ञही असतो. पडण्याआधी रुग्ण किती चालत होता, स्वतः अंघोळ करत होता का, वजन घटले का, हे तो विचारतो. घरच्यांनी ही उत्तरे तयार ठेवावीत. क्ष-किरण चित्रात ती दिसत नाहीत.

२७ जुलै १९६४ रोजी चर्चिल शेवटचे संसदेत आले. २४ जानेवारी १९६५ रोजी, ९० व्या वर्षी, पक्षाघाताच्या आणखी एका झटक्यानंतर त्यांचे निधन झाले.