रयतेचे सरकार उभे करणारे क्रांतिसिंह नाना पाटील



दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात संताचं चरित्र असावं, हे खरंच. पण आपल्या दिंडीच्या या शंभर वर्षांतच कृष्णाकाठी एक शेतकऱ्याचं पोर असं होऊन गेलं की ज्याने गोऱ्या सरकारला गावातून उठवलं. त्याचं चरित्र आपल्या पोरासोरांना ठाऊक पाहिजे म्हणून लिहितो. मी चार बुकं शिकलेला माणूस, कीर्तनात बोलतो तसंच लिहिणार. गोड करून घ्यावं.

नाना पाटलांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 चा. गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे सातारा जिल्ह्यातच मोडत. घर शेतकऱ्याचं, अंग पैलवानी, आवाज खणखणीत. थोडं शिक्षण झालं आणि नाना तलाठी झाले.

इथं जरा थांबा. तलाठी म्हणजे कोण? सरकार म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला कळतं ते तलाठ्याच्या दप्तरावरून. विलायतेचा राजा कुणी बघितला नव्हता, पण सारा भरला नाही तर चावडीवर कोण बोलावतं, जप्ती कुणाच्या दारात येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनी ते आतून पाहिलं. पीक बुडालं तरी सारा चुकत नाही, सावकाराचा कागद खरा आणि कुणब्याचा शब्द खोटा, हे त्यांनी रोज पाहिलं. सरकारचा हात गावापर्यंत कसा पोचतो ते त्यांना कळलं. तो हात गावातल्याच माणसांच्या मदतीनं चालतो हेही कळलं.

आपल्या संप्रदायात दामाजीपंतांची कथा आहे. तेही सरकारी चाकरच. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसं अन्नाविना तडफडू लागली, तेव्हा त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना उघडून दिलं. चाकरी धन्याची, पण जीव उपाशी माणसाचा, यात मोठं काय हे त्यांनी ठरवलं. नानांच्या पुढंही तोच प्रश्न आला. 1930 साली गांधीजींचा कायदेभंग सुरू झाला आणि नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली. पगार गेला, चावडीवरचा मान गेला. पुढं 1942 पर्यंत कितीदा तरी तुरुंगवारी झाली.

या काळात नाना गावोगाव फिरले. सत्यशोधक विचार मनात मुरलेला होता. भाषण करायचे ते पुस्तकी नाही, औत हाकणाऱ्याला समजेल अशा बोलीत. कर्ज काढून लग्न करू नका, सावकाराच्या दारात जाऊ नका, असं सांगायचे. थोडक्या खर्चात, हारतुऱ्यावर लग्नं लावायचे, त्याला लोक गांधी लग्न म्हणू लागले. आपल्या तुकोबारायांनीही कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली होती. कर्जात बुडालेला माणूस ताठ मानेनं उभा राहू शकत नाही, हे दोघांनीही ओळखलं होतं.

मग 1942 उजाडलं. पुढारी तुरुंगात गेले. तेव्हा सातारा जिल्ह्यात लोकांनी बिनहत्याराचे मोर्चे काढून मामलेदार कचेऱ्यांवर झेंडा लावायचं ठरवलं. तासगावला मोर्चा झाला. 9 सप्टेंबरला वडूजला मोर्चा गेला, तिथं गोळीबार झाला. हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबर आणखी माणसं ठार झाली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार, तिथंही हुतात्मे झाले. झेंडा घेऊन चालत आलेल्या माणसांना सरकारनं गोळ्या घातल्या. लोकांच्या मनातून ते सरकार त्याच दिवशी उतरलं.

नाना भूमिगत झाले. सरकारनं त्यांचं घर आणि जमीन जप्त केली. मागं म्हातारी आई आणि आईवेगळी लेक हौसाबाई. पण ती लेकही पुढं याच चळवळीत उतरली आणि धाडसाची कामं तिनं केली.

नाना आणि सोबत्यांनी विचार केला, नुसत्या तारा तोडून काय होणार? सरकार नको म्हणायचं तर त्याच्या जागी आपला कारभार पाहिजे. म्हणून 1943 पासून प्रतिसरकार उभं राहिलं. किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशी कितीतरी माणसं त्यात होती. कुंडल हे मोठं ठिकाण. ते औंध संस्थानात होतं. त्या राजानं 1939 सालीच रयतेला कारभार दिलेला, त्यामुळं इंग्रजांच्या पोलिसांना तिथं पाहिजे तसा धुडगूस घालता येत नव्हता.

सुमारे दीडशे गावांत हा कारभार चालला. गावानं पंच नेमायचे. बांधाचं भांडण, देण्याघेण्याचा तंटा, नवऱ्यानं टाकलेल्या बाईची तक्रार, सगळं गावातच उघड्यावर, सगळ्यांच्या देखत मिटायचं. वकील नाही, कागद नाही, तारखेवर तारीख नाही. सावकारानं लुबाडलेली जमीन परत देववली. दारूचे गुत्ते बंद केले. लढाईच्या महागाईत कापड, धान्य दडवणाऱ्यांवर वचक बसवला. दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. तरुणांची तुफान सेना तयार केली. पैसा पाहिजे म्हणून 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली, आणि 14 एप्रिल 1944 ला धुळ्याकडे सरकारी खजिना लुटला, त्यात साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम होती.

याला लोक पत्री सरकार म्हणत. आपण बैलाला पत्री मारतो, तशी गुंडाच्या पायाला मारतात अशी बोलवा झाली. खरं म्हणजे तळपायावर काठीचे फटके देत. ही शिक्षा कठोरच होती. हातात काठी आली की रागही हातात येतो, आणि न्याय करणाराही माणूसच असतो. चरित्र सांगताना हे झाकू नये. म्हणूनच निवाडा सगळ्या गावापुढं होणं फार मोलाचं. अंधारात दिलेली शिक्षा, मग ती गोऱ्यानं दिलेली असो की आपल्यानं, जुलूमच होतो.

आता मला सांगा, नानांना 44 महिने सरकार पकडू शकलं नाही, ते कशामुळं? दामाजीपंतांच्या वेळी विठुराया महार होऊन बिदरला गेला आणि रक्कम भरून आला. नानांच्या वेळी विठू कोण झाला? रानातल्या खोपीवर भाकरी पोचवणारी बाई झाली. गुरं राखता राखता पोलीस आल्याची खूण करणारं पोरगं झालं. मार खाऊनही तोंड न उघडणारा म्हातारा झाला. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. नाना एकटे असते तर आठ दिवसांत सापडले असते.

आपल्या दिंडीकडं बघा. शेकडो माणसं पंधरा-वीस दिवस चालतात, पोलीस लागत नाही. विणेकऱ्याला मान आहे, चोपदाराची काठी वर झाली की टाळ थांबतात. ते भीतीनं नाही, आपणच ठरवलेली शिस्त म्हणून. जी माणसं आपलं आपण चालवू शकतात, त्यांच्यावर जुलमाचं राज्य फार दिवस टिकत नाही. कारण जुलूम दोन गोष्टींवर जगतो, आपली भीती आणि आपली आपसातली भांडणं.

1946 साली नाना कराडला प्रगट झाले, तेव्हा त्यांना बघायला माणसांचा पूर लोटला. पुढं देश स्वतंत्र झाला. काला झाला की दिंडी सुटते, टाळ गळ्यातून उतरतात, जो तो आपल्या शेताला लागतो. तसं प्रतिसरकार सुटलं. राज्य आपल्या हाती राहू द्या, असा हट्ट कुणी धरला नाही. या चरित्रातली मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट. काठी हातात घेणं सोपं, खाली ठेवणं अवघड.

नाना मात्र घरी बसले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून लोकसभेवर गेले. दिल्लीला जाऊनही धोतर-फेट्यातले कुणबीच राहिले. आपलं सरकार आलं म्हणून प्रश्न विचारायचं त्यांनी सोडलं नाही. 6 डिसेंबर 1976 ला त्यांनी देह ठेवला.

माऊलींनो, ग्रामसभेची दवंडी झाली की आपण घरी बसतो, आणि मग पारावर बसून सरकारला नावं ठेवतो. येडे मच्छिंद्रच्या त्या तलाठ्यानं शिकवलं की गावानं जागं राहिलं पाहिजे, एक राहिलं पाहिजे, आणि आपल्या माणसालाही जाब विचारला पाहिजे. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, कारण समोरच्यात देव बघतो. सरकारनं रयतेकडं असंच बघावं, आणि ते बघत नसेल तर रयतेनं न भिता उभं राहावं.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.