ट्राम आली, सुई अलिबागला गेली : नानाभाई मूस यांची गोष्ट

लोधिवलीत जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला चहा घेत बसा. भरलेला ट्रेलर गेला की ग्लासातल्या चहावर बारीक तरंग उठतात. ट्रेलरची घरघर आपल्याला ऐकू येते, पण सेकंदाला २० पेक्षा कमी कंपनं असलेला तिचा भाग कानाला कळतच नाही. याला इन्फ्रासाउंड म्हणतात, शाळेच्या पुस्तकातला शब्द 'अवश्राव्य ध्वनी'. डोंगरावरून दगडमाती घसरायला लागली की तीही असाच आवाज करते.

इथून जवळच इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. त्यामुळे स्वस्तातले छोटे मायक्रोफोन लावून दरडीची चाहूल घेता येईल का, असा प्रश्न कुणालाही पडेल. मायक्रोफोनचं गणित सुटण्यासारखं आहे. खरी अडचण तो ट्रेलर आहे. आणि ही अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात येऊन सोडवणारा एक माणूस होता : नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस.

मूस पारशी, जन्म १८५९ चा. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ आदळलं होतं आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याची नोंद झाली होती. आजही शास्त्रज्ञ ती नोंद उघडून बघतात. निव्वळ योगायोग, पण पुढे ही वेधशाळा मूस यांच्याच हाती आली. ते शिकले इंजिनिअरिंग, मग एडिंबरा विद्यापीठाची बी.एस्सी. केली, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केलेल्या या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक.

पुढच्याच वर्षी, १२ जून १८९७ ला आसाममध्ये महाभयंकर भूकंप झाला. भारतात भूकंपमापक यंत्रं हवीत हे तेव्हा सरकारला पटलं. १८९८ मध्ये कुलाब्याला मिल्न यंत्र बसलं. यंत्र म्हणजे काय, तर आडवी टांगलेली एक हलकी दांडी. जमीन हलली की दांडी मागे राहते, आणि तिच्या टोकाशी असलेल्या फटीतून येणारा प्रकाश घड्याळाच्या यंत्रावर सरकणाऱ्या फोटोच्या कागदावर रेघ उमटवतो. अंधाऱ्या खोलीत, दिवसरात्र. एका झोक्याला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागायचा. म्हणजे कानाच्या मर्यादेपेक्षा कितीतरी संथ हालचाल मूस कागदावर बघत होते.

आता तुमच्या फोनकडे या. त्यात अ‍ॅक्सेलरोमीटर आहे, म्हणजे त्या दांडीचाच सिलिकॉनमधला नातू. मायक्रोफोन मात्र संथ आवाजाला जवळजवळ बहिरा असतो. त्याच्या पडद्याला मुद्दाम एक सूक्ष्म भोक ठेवलेलं असतं, हवेचा दाब दोन्हीकडे सारखा राहावा म्हणून. वेगाने बदलणारा दाब त्या भोकातून निसटू शकत नाही, पडदा हलतो, आवाज नोंदला जातो. पण दाब हळूहळू बदलला तर हवा निवांत पलीकडे पोचते आणि पडदा जागचा हलत नाही. वरून फोनचं सॉफ्टवेअर वाऱ्याची घरघर नको म्हणून खालचा भाग छाटून टाकतं. म्हणून हौशी लोक सुटा मायक्रोफोन घेतात आणि त्याची मागची बाजू बंद डब्यात बसवतात. डब्याला अगदी बारीक, लांब नळीचं भोक ठेवतात. हवा झिरपायला जितका जास्त वेळ, तितका संथ आवाज पकडता येतो. जुगाड स्वस्त आहे आणि चालतो.

पण हा डबा लोधिवलीत हायवेलगत ठेवून बघा. रेकॉर्डिंगमध्ये ट्रेलर, ट्रेलर आणि ट्रेलर. मधेच वारा.

मूस यांच्यासमोर हेच आलं, फक्त ट्रेलरच्या जागी ट्राम होती. मुंबईतली घोड्यांची ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. कुलाब्याच्या चुंबकीय सुया इतक्या नाजूक की रुळांतून जमिनीत झिरपणारा विजेचा प्रवाह त्यांना थरथरवत ठेवणार. ट्राम अडवणं शक्य नव्हतं, शहराला ती हवी होती. गाळणी लावून गोंगाट वेगळा काढायला तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मग मूस यांनी सुयाच हलवायचं ठरवलं. जागा निवडली खाडीपलीकडची, अलिबाग. (तेव्हा जिल्ह्याचं नावही कुलाबाच, त्यामुळे जुने कागद वाचताना गोंधळ होतो.)

अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली, कारण त्यात चुंबकत्व नसतं. खिळे, बिजागऱ्या, कड्या, सगळं तांब्या-पितळेचं. लोखंड नाहीच. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जागा बदलली की आकडे बदलतात. पण दोन वर्षांची जोडनोंद हातात असेल तर नवे आकडे जुन्यांना जोडता येतात. आज आपण सेन्सर बदलतो, ॲप बदलतो आणि जुना डेटा सरळ डिलीट मारतो. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुया सुखरूप पलीकडे होत्या. १८४६ पासूनची साखळी तुटली नाही. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींवर मूस यांनी लिहिलेला भलामोठा ग्रंथ १९१० मध्ये छापून आला.

डबा घेऊन डोंगराकडे जाणाऱ्याला यातून दोन कामं मिळतात. एक, हायवेपासून लांबची जागा. दुसरं, पावसाळ्याच्या खूप आधीपासून नोंद, म्हणजे नेहमीचा गोंगाट कसा दिसतो ते कळेल. दोन-तीन डबे अंतरावर ठेवले तर आवाज कुठल्या बाजूने आला हेही काढता येतं. आल्प्समध्ये चिखल-दगडांचे लोट असेच ओळखतात. मात्र हे यंत्र दरड सुटल्यानंतरच बोलतं, आधी नाही. घर थेट उताराखाली असेल तर हातात काही सेकंदच राहतील. तिथे पावसाचं मोजमाप आणि वेळेत घर सोडणं यांची जागा मायक्रोफोन घेऊ शकत नाही, हे स्वतःला आधी सांगून ठेवा.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. अलिबागची वेधशाळा चालू आहे. ती आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. लोधिवलीहून त्याच ट्रेलरच्या हायवेने फार लांब नाही.