कारखाना कोणाचा? : धनंजयराव गाडगीळ

वास्कोत बंदर आणि शिपयार्ड बघत आपण मोठे झालो. काम करणारे वेगळे, मालक वेगळे, याची इतकी सवय झालीय की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटतच नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी मात्र हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही.

त्यांचा जन्म १९०१ सालचा. केंब्रिजला शिकताना त्यांनी भारतातल्या उद्योगांच्या वाढीवर प्रबंध लिहिला आणि १९२४ मध्ये त्याचं पुस्तक झालं. काही वर्षं सुरतला प्राचार्य होते. १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक.

नगर जिल्ह्यात ऊस शेतकऱ्याचा आणि साखर कारखाने खासगी कंपन्यांचे, अशी तेव्हाची स्थिती. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते. त्यांच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले गाडगीळ. पुस्तकातला माणूस थेट चिखलात उतरला! १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. पुढे त्याच प्रवरानगरात शाळा आली, इस्पितळ आलं.

योगायोग बघा, १९५० मध्येच युगोस्लाव्हियात टिटोंच्या सरकारने कायदा करून कारखान्यांचा कारभार कामगारांनी निवडलेल्या मंडळांकडे दिला. तिथे हक्क सरकारने वरून दिला. इथे शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घातले आणि सरकारने हातभार लावला. तिथे मत कामगाराला. इथे मत सभासद शेतकऱ्याला, आणि शेअर कितीही असले तरी एकालाच एक.

पण इथेच एक गोष्ट राहून गेली. ऊस लावणारा मालक झाला. तो तोडणारा आणि यंत्रावर उभा राहणारा मजूरच राहिला. गाडगीळांचं मोठेपण मान्य करूनही हे सांगायला हवं.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची, याचं त्यांच्या नावाचं सूत्र गाजलं. पद सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना, ३ मे १९७१ रोजी, रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

आपल्या धारबांदोड्याच्या संजीवनी सहकारी कारखान्यात आता गाळप होत नाही. तिथून जाताना बंद चिमणीकडे बघा. नुसतं तो का बंद पडला एवढंच विचारू नका. तो कोणाचा होता, हेही विचारा.