पंडिता रमाबाई : शोकातही न ढळलेली आशा

खेड्यातील मंडळीत एखाद्या घरी मूल दगावले किंवा कर्ता पुरुष गेला, म्हणजे शेजारीपाजारी विचारतात की, नव्या देवाने तुमचे काय भले केले? हा प्रश्न उपदेशकासही निरुत्तर करतो. आमच्या कोल्हापूर भागात २०१९ साली पंचगंगेचा महापूर आला आणि त्यामागून महामारी आली, तेव्हा पुष्कळांच्या मनात तो उठला असेल. अशा बंधुभगिनींसाठी आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र थोडक्यात सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. ते सहकुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत. पुढे दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात व व्रतांत संपले, आणि १८७४ साली वडील अन्नान्न करीत वारले. पाठोपाठ आई गेली. तिला खांदा देण्यास माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंना स्वतः पुढे व्हावे लागले. उंची कमी असल्याने त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. नंतर थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे अनवाणी देशभर हिंडली. पंजाबात थंडीपासून बचाव करण्यास त्यांनी नदीकाठी खड्डे खणून अंगावर वाळू ओढून घेतली.

१८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव केला, पण मनातील जुनी श्रद्धा दुष्काळातच विझली होती. १८८० साली भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी विवाह केला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीस नेले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व तेथे २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तथापि आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त पुढे कित्येक वर्षांनी लाभला, असे त्यांनीच नमूद करून ठेविले आहे. ज्यांचा बाप्तिस्मा झाला पण मन अद्याप स्थिर नाही, त्यांनी या गोष्टीने धीर धरावा.

१८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले. १८९३ साली पुण्यात त्यांच्याविरुद्ध काहूर उठले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली केडगावास घेऊन आल्या. जिचे आईबाप उपासमारीने मेले, तिनेच उपाशी लेकरांना जेवू घातले! पुढे मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली.

मनोरमाबाई परदेशात शिकून आल्या व आईचा उजवा हात झाल्या. सर्व कार्य त्यांच्या हाती सोपवावे असे ठरले होते. पण २४ जुलै १९२१ रोजी प्रभूने त्यांना नेले. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, थकलेल्या, कानांनी मंद झालेल्या. रक्ताचे शेवटचे माणूस गेले.

येथे आम्ही वाचकांस थांबून विचार करण्यास विनवितो. तारुण्यातील मृत्यूंनी रमाबाईंची श्रद्धा नाहीशी झाली. वार्धक्यातील या मृत्यूने ती का झाली नाही? आमच्या अल्पमतीस दिसते ते असे. पहिली श्रद्धा संकट टाळण्यासाठी होती. संकट टळले नाही तेव्हा तिचा आधार सुटला. दुसरी श्रद्धा वधस्तंभावर दुःख सोसलेल्या व मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूवर होती. संकट येणारच नाही असा सौदा तीत नव्हता. पण आपणही नव्या विश्वासाचा तसाच सौदा करीत नाही काय? प्रार्थना केली म्हणून पीक आले पाहिजे, ताप उतरला पाहिजे, असे आपण मनात धरतो, आणि तसे न झाले की खचतो.

रमाबाईंनी हाती घेतलेले काम टाकले नाही. खेड्यापाड्यांतील साध्या बायांना वाचता यावे म्हणून त्या मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. मनोरमाबाईंच्या मागेही ते चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूत निजल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

उपदेशक बंधूंनो, शोकाच्या घरी जाल तेव्हा ईयोबाच्या मित्रांप्रमाणे पापाचा हिशेब मांडू नका. जवळ बसा, भाकर न्या, त्यांच्याबरोबर रडा. आणि शोक करणाऱ्या भगिनींनो, अश्रू आले म्हणून विश्वास गेला असे समजू नका; लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला. आज जेवढे काम हातून होईल तेवढे करा. ज्याने कबर उघडली, तो आपल्या माणसांस विसरणार नाही.