रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई

फुलामुलांचे कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक घरोघरी ठाऊक आहेत. १८६१ साली कोकणात जन्मलेले, संस्कृतात निपुण असे हे ब्राह्मण ख्रिस्ताकडे वळले, त्याचा आरंभ एका प्रवासात झाला. राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. काव्यावर गप्पा झाल्या आणि निरोप घेताना त्याने ‘नवा करार’ हाती ठेवला. त्याचे नावही टिळकांना कधी कळले नाही. पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने मात्र त्यांच्या मनाची पकड घेतली.

१८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. घरावर जणू वज्राघात झाला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या. काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे नगरास एकत्र आल्यावरही टिळकांनी बळजबरी केली नाही. स्वभाव तापट, पण येथे ते थांबले. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने एकेक बंधन सोडले व १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. गुरूने सूर दाखवावा आणि शिष्याच्या गळ्यातून तो आपसूक उमटेपर्यंत धीर धरावा, हे आम्ही तालमीत शिकतो. श्रद्धेचेही तसेच असावे.