मास्तर घडवणारे अंबादासपंत

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण अकोल्याला कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तर सांभाळून घ्या. मराठी विभागाच्या मॅडमनी दोनदा तपासलंय, तरीसुद्धा!

मागच्या गॅदरिंगला आमच्या ब्रँचच्या मुलींची कबड्डीची मॅच होती. वर्गात मुली चाळीसच्या वर. कबड्डीला लागतात सात. ग्राउंडवर आलो पाच. दोघींना येत नव्हतं, एकीला ढोपर फुटायची भीती आणि उरलेल्या चिअर करायला कठड्यावर बसलेल्या. समोरच्या टीमला वॉकओव्हर मिळाला. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात होस्टेलच्या टीव्हीवर प्रो कबड्डी लागली की बसायला जागा मिळत नव्हती. रेडर कोण, डिफेंडर कोण, कोणाला किती पॉइंट, सगळ्यांना पाठ!

ही फजिती मेसमध्ये पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पोळ्यावाल्या मावशी दर्यापूरकडच्या. त्यांनी लाटणं थांबवून विचारलं, की एवढ्या इंजिनेर होणाऱ्या पोरी, तुम्हाले साधं हुतूतू काहून येत नाही? मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या गावच्या शाळेत एक पीटीचे मास्तर होते. ते उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायामशाळेत कोर्स करून आले होते, आणि खेळाच्या तासाला एकाही पोरीला भिंतीपाशी बसू देत नव्हते. मावशींची चौथीनंतर शाळा सुटली, पण दम धरणं सुटलं नाही. पोळपाटावर हात टेकून त्यांनी एका दमात जेवढा हुतूतू घातला तेवढा मला दोन दमात जमला नाही.

त्या मास्तरांना कोणी शिकवलं असेल, हे शोधत गेले आणि अंबादासपंत वैद्य हे नाव सापडलं. अमरावतीच्या मुलांना ते नवीन नाही. माझ्यासारख्या अकोलेकरांना आणि बाहेरून आलेल्यांना मात्र संस्था माहीत असते, माणूस नाही. म्हणून हा लेख.

अंबादासपंतांचं बालपण, शाळा वगैरे पाढा मी वाचत नाही. त्यांची खरी गोष्ट १९१४ पासून सुरू होते. ते साल जरा डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून आले. ऑगस्टमध्ये इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरलं. आपलं वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं, कारण १९०२ च्या करारानं ते इंग्रजांनी कायमच्या पट्ट्यानं घेतलेलं. अमरावती म्हणजे कापसाचा बाजार. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलेलं, त्यामुळे राजकारण लोकांच्या अंगात होतं. पण हातात? १८७८ च्या कायद्यापासून परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा. अशा वेळी अंबादासपंत आणि त्यांचे बंधू अनंत वैद्य या दोघांनी काय केलं, तर हनुमानाच्या नावानं आखाडा काढला.

आता आखाडा काढण्यात विशेष ते काय, असं मलाही वाटलं होतं. आखाडे गल्लोगल्ली होतेच. पण जुन्या आखाड्याची रीत अशी की वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि शेवटचा एक डाव स्वतःजवळ ठेवतो. विद्या घरातली, नाही तर पट्टशिष्याची. एक पहिलवान तयार होतो, जत्रेत फड मारतो, बाकीचा गाव फेटे उडवतो. म्हणजे आमचं होस्टेलच की! एक जण खेळतो, शंभर जण बघतात.

वैद्य बंधूंच्या आखाड्याचं पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. या नावात मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटतो तो प्रसारक. व्यायाम करणारं मंडळ नव्हे, पसरवणारं. अंबादासपंतांना जत्रेतला एक पहिलवान नको होता, त्यांना गावोगावचे मास्तर पाहिजे होते. १९२४ पासून मंडळानं उन्हाळी वर्ग सुरू केले ते यासाठी. शिकायचं आणि आपल्या गावी जाऊन शिकवायचं.

उन्हाळ्यातच काहून? मे महिन्यातली अमरावती ज्यांनी पाहिली ते म्हणतील की हा कोणता शहाणपणा. पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण शाळामास्तर मोकळा असतो तो उन्हाळ्यातच, आणि कापूस-ज्वारीवाल्या घरातला पोरगाही पेरणीआधीच सुटू शकतो. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी उतरल्यावर असा मैदानाचा वेळ मिळतो. हे गणित ज्यानं मांडलं तो नुसता पहिलवान नव्हता, त्याला माणसांचं वर्षाचं वेळापत्रक कळत होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे सरळ गुणाकाराचं गणित आहे. समजा एका उन्हाळ्यात पन्नास जण शिकून गेले आणि प्रत्येकाच्या शाळेत शंभर पोरं आहेत. झाली पाच हजार. त्यातली पाच जरी पुढे मास्तर झाली… पुढचं कॅल्क्युलेटरवर करा. (हे आकडे माझे आहेत, मंडळाच्या वहीतले नाहीत!)

इथं मला माझा कॉन्व्हेंटचा बास्केटबॉल आठवला. आमच्याकडे सिमेंटचं कोर्ट होतं आणि मला वाटायचं की हा खेळ जगभर पोचला तो चांगला आहे म्हणून. वाचलं तेव्हा कळलं की जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला, ती शाळाच मुळात वायएमसीएचे शिक्षक तयार करणारी होती. पहिल्या दिवशी जे अठरा जण खेळले ते पुढे ठिकठिकाणी शिकवायला जाणारे लोक होते. खेळ त्यांच्या ट्रंकेतून गेला. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. आणि इकडे चारच वर्षांनी, अमेरिकेचा पैसा नाही, सरकारचा आधार नाही, अशा अमरावतीत अंबादासपंतांचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. बक यांचं काम मोठंच आहे, त्यात वाद नाही. पण मला आपल्या माणसाचं जास्त कौतुक वाटतं, आणि ते नुसतं आपला म्हणून नाही.

कारण सामानाकडे बघा. बास्केटबॉलला रिंग पाहिजे, बोर्ड पाहिजे, फुगवलेला बॉल पाहिजे. हुतूतूला चुन्याची फक्की. खो-खोला दोन खांब. आट्यापाट्याला तेही नको, पायानं रेघा मारल्या तरी चालतं. लेझीम गावच्या लोहाराकडे होते. लाठी घरात असतेच. सगळ्यात महाग वस्तू म्हणजे मल्लखांब. तो सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड, वर निमुळता, त्यावर बोंड, आणि त्याला लावायचं एरंडेल. आमच्या मेकॅनिकलच्या सरांनी घर्षणाचा धडा शिकवताना मल्लखांब का नाही घेतला, हा माझा जुना प्रश्न आहे. तेल कमी झालं तर कातडी सोलते, जास्त झालं तर माणूस घसरून खाली. ज्या खेळाला पैसा लागत नाही तो घेऊन मास्तर कोणत्याही गावात उतरू शकतो. मावशींच्या गावात उतरले तसे.

या आखाड्यातून गेलेल्यांमध्ये एक नाव असं आहे की आपण सगळे ते शाळेत शिकलो, पण त्याचा अमरावतीशी संबंध आहे हे निदान मला तरी ठाऊक नव्हतं. शिवराम हरी राजगुरू. पुण्याजवळच्या खेडचा मुलगा, लहानपणी वडील गेले, घर सोडून काशीला संस्कृत शिकायला गेला. तोच अमरावतीच्या हनुमान आखाड्यात येऊन व्यायाम शिकून गेला, आणि काशीला एका शाळेत त्यानं ड्रिल मास्तरकीही केली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १७ डिसेंबर १९२८, लाहोर, साँडर्स. आणि २३ मार्च १९३१. तेव्हा राजगुरूंचं वय होतं २२. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. फाशी गेलेला क्रांतिकारक म्हणून त्यांचा फोटो आपण बघतो, पण शिटी वाजवून पोरांच्या रांगा सरळ करणारे राजगुरू मी या लेखाच्या निमित्तानं पहिल्यांदा डोळ्यांसमोर आणले.

मग आलं १९३६. बर्लिनचं ऑलिंपिक. ध्यानचंदांच्या टीमनं १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ नं हरवलं, हे आपल्याला तोंडपाठ. पण त्याच बर्लिनमध्ये अमरावतीची एक तुकडी गेली होती आणि तिनं हुतूतू, मल्लखांब असे आपले खेळ करून दाखवले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची तुकडी! आखाडा निघून बावीस वर्षं झाली होती. ज्या काळात अमरावतीहून मुंबईला जायचं म्हणजे घरची अर्धी मंडळी स्टेशनवर पोचवायला यायची, त्या काळात ही मुलं बोटीनं जर्मनीला गेली. त्या दौऱ्याच्या इथं पुष्कळ आख्यायिका ऐकायला मिळतात, हिटलरनं काय म्हटलं आणि काय दिलं वगैरे. त्यात मी पडत नाही. आणि खरं सांगू का, त्या माणसानं कौतुक केलं असलं तरी मला त्याचा अभिमान वाटणार नाही.

उलट एक विचार मनात आला तो लिहून टाकते. याच बर्लिनमध्ये १८११ साली फ्रीड्रिश यान यांनी उघडं मैदान करून तरुणांना व्यायाम शिकवायला सुरुवात केली होती. तेव्हा जर्मनांच्या डोक्यावर नेपोलियन होता. म्हणजे गोष्ट आपल्यासारखीच, गुलाम देश आणि दंड कमावणारे तरुण. सव्वाशे वर्षांनी तिथंच कवायत कशासाठी चालली होती ते जगानं पाहिलं. व्यायामानं ताकद येते, ती कुठं वापरायची हे मैदान सांगत नाही. अंबादासपंतांच्या मंडळात शिकून कोणी फाशी गेला तर कोणी दर्यापूरकडच्या शाळेत चौथीच्या पोरींना दम धरायला शिकवत राहिला. मला यातला दुसरा तितकाच मोठा वाटतो. एकाचं नाव पुस्तकात आहे, दुसऱ्याचं मावशींनासुद्धा पूर्ण आठवत नाही, नुसतं मास्तर.

बर्लिननंतर दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डी आली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाला आणि २०१० मध्ये ग्वांगझूला मुलींचीही कबड्डी सुरू झाली. दोन्ही वेळा पहिलं सुवर्णपदक भारताचंच. हे सगळं एकट्या अमरावतीनं केलं असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईच्या, सातारा-बडोद्याच्या कितीतरी लोकांनी नियम बसवले, सामने भरवले. पण नियमाचं पुस्तक छापून खेळ पसरत नाही. ते पुस्तक घेऊन उन्हात पोरांसमोर उभा राहणारा कोणीतरी लागतो, आणि तो तयार करण्याचा कारखाना आपल्या वऱ्हाडात होता.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. अंबादासपंतांच्या आखाड्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. कबड्डीपटूला लाखांनी बोली लागलेली बघून त्यांना काय वाटलं असतं? आनंद झालाच असता. पण मला वाटतं त्यांनी लगेच विचारलं असतं की टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी उद्या सकाळी मैदानावर किती येणार.

मंडळ आज केवढं झालंय ते अमरावतीकरांना सांगायला नको. शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय आहे आणि आपल्या क्षेत्रातलं, म्हणजे अभियांत्रिकीचंही आहे. मी एका रविवारी मुद्दाम तिथं जाऊन आले. सहा-सात वर्षांच्या मुली दोरीच्या मल्लखांबावर उलट्या लटकत होत्या आणि खाली त्यांच्या आया डबे घेऊन बसल्या होत्या. शिकवणारी मुलगी माझ्याच वयाची होती. ती कोणाकडे शिकली, असं मी विचारलं तर तिनं आपल्या ताईचं नाव सांगितलं, आणि ती ताई कोणाकडे शिकली हेही सांगितलं. तिसऱ्या नावानंतर मी लिहून घेणं सोडलं.

आता आमच्या होस्टेलचं. मागच्या बाजूला जी मोकळी जागा आहे तिथं अर्ध्या भागात गाड्या उभ्या असतात. उरलेल्या अर्ध्यात महिनाभरापासून संध्याकाळी साडेपाचला आम्ही चुन्याच्या रेघा मारतो. चुना मेसच्या रंगकामातून उरलेला, रेक्टर मॅडमना विचारून घेतलाय. मावशी पोळ्यांच्या आधी अर्धा तास काढून येतात, पदर खोचतात आणि ज्या कठड्यावर बसायला जातात त्यांना आधी उठवतात. पहिल्या दिवशी आम्ही सहा होतो. काल एकोणीस होतो, त्यातल्या दोघी अजून ढोपराला रुमाल बांधून येतात. मावशींची एकच तक्रार आहे, की आमचा दम कमी पडतो. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन फर्स्ट इयरच्या चार पोरी माझ्या गळ्यात टाकल्या. मला स्वतःला अजून धड पकड घालता येत नाही. तरी शिकवतेय.