४२.३४ मीटरवरच्या उषाबेन

१९४२ चं 'चले जाव' आंदोलन आपण सगळ्यांनी दहावीपर्यंत पाठ केलंय. पण त्या आंदोलनाचा स्वतःचा एक गुप्त रेडिओ होता, तो आपल्याच मुंबईत होता, आणि तो चालवण्यात पुढे होती २२ वर्षांची एक मुलगी, हे फारसं कोणी सांगत नाही. तिचं नाव उषा मेहता. इंजिनीअरिंगच्या मुलांनी तर ही गोष्ट वाचायलाच हवी, कारण त्यात देशभक्तीइतकाच इलेक्ट्रॉनिक्सचाही भाग आहे.

उषाबेन २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी जन्मल्या. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश, त्यामुळे मुलीने चळवळीत जाणं त्यांना पसंत नव्हतं. तरी १९२८ मध्ये, आठ वर्षांची असताना, ती सायमन कमिशनच्या विरोधातल्या मोर्चात चालली होती. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजमधून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि मग लॉ सुरू केलं.

८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँक मैदानावर ठराव झाला आणि पहाटेच मोठे नेते तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. देशात काय चाललंय हे लोकांना कळणार कसं? उषाबेन, बाबूभाई खाकर आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं, रेडिओ काढायचा. ट्रान्समीटर उभा केला नरिमन प्रिंटर या हॅमने. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्येच सरकारने हॅम लोकांची लायसन्स बंद केली होती, म्हणजे सेट जवळ ठेवणं हाच गुन्हा. शिकागो रेडिओ कंपनीच्या नानिक मोटवानींनी साहित्याची मदत केली. २७ ऑगस्टला चौपाटीजवळच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. ३०० ला ४२.३४ ने भागलं की साधारण ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात. हॅम लोकांचा ४० मीटर बँड ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे हे स्टेशन बरोबर त्यांच्याच अंगणात होतं. सेट एका हॅमने बांधलेला, तेव्हा हा निव्वळ योगायोग नसावा.

हॅमला सगळ्यात सोपं पडतं ते मोर्स. की दाबली की लहर सुरू, सोडली की बंद. मायक्रोफोन नको, मॉड्युलेटर नको, थोड्या पॉवरमध्ये संदेश लांब जातो. त्यात सेमी-ऑटोमॅटिक की असेल तर विचारूच नका! हिला हॅम लोक 'बग' म्हणतात. अंगठ्याने पॅडल एका बाजूला ढकललं की स्प्रिंगवरचा दांडा थरथरत राहतो आणि डॉट आपोआप पडत जातात. डॅश मात्र बोटाने एकेक द्यावा लागतो. दांड्यावरचं वजन बाहेर सरकवलं की डॉट सावकाश, आत घेतलं की भरभर. डॉटचा स्क्रू जास्त पुढे आला तर डॉट एकमेकांना चिकटतात, फार मागे राहिला तर तुटक येतात. हे अ‍ॅडजस्टमेंट जो तो आपल्या हाताप्रमाणे करतो आणि डॅशची लांबीही ज्याची त्याची. त्यामुळे मुरलेला कान नुसतं ऐकून सांगतो की कीवर कोण बसलंय.

काँग्रेस रेडिओने नुसता मोर्स पाठवला असता तर सेट लहान झाला असता, पळवायला सोपा झाला असता. पण तो समजला कोणाला असता? तारबाबूंना आणि पोलिसांना! उषाबेनना बोलायचं होतं ते साध्या माणसाशी. म्हणून आवाजच हवा होता, आणि आवाज म्हटला की जास्त सामान, जास्त माणसं, जास्त धोका. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची, जमशेदपूरच्या संपाची बातमी लोकांना इथून कळली. डॉ. राममनोहर लोहियाही या रेडिओवरून बोलत.

धोका कसला, तर डायरेक्शन फाइंडिंगचा. लूप अँटेना फिरवला की सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते कळतं. दोन ठिकाणांहून दोन रेषा काढा, त्या छेदतात तिथे ट्रान्समीटर. पोलिसांच्या गाड्या असाच माग काढत फिरत होत्या. यावर एकच उपाय, एका जागी राहायचं नाही. अडीच महिन्यांत सेटने अनेक बिऱ्हाडं बदलली.

शेवटी यंत्रामुळे नव्हे, माणसामुळे घात झाला. १२ नोव्हेंबर १९४२ ला बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड पडली. प्रिंटरही पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवली. धाडीची बातमी उषाबेनना होती, घरी थांबता आलं असतं. तरी त्या संध्याकाळी गिरगावातल्या पारेखवाडीत गेल्या आणि कार्यक्रम लावला. तिथेच पकडल्या गेल्या.

सहा महिने चौकशी चालली. साथीदारांबद्दल त्यांनी तोंड उघडलं नाही. स्पेशल कोर्टाने चार वर्षांची शिक्षा दिली आणि येरवड्याला पाठवलं. १९४६ मध्ये सुटल्या तेव्हा तब्येत पार ढासळली होती. पण पुन्हा अभ्यासाला लागल्या, गांधीविचारांवर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजमध्ये तीसेक वर्षं शिकवलं, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. निवडणुकीच्या राजकारणाकडे वळल्या नाहीत. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी, क्रांतिदिनानंतर दोनच दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हा अंधेरी-बोरिवलीकरांनो, कधी चर्नी रोडला उतरलात तर भेळ खाऊन लगेच परतू नका. गिरगाव, चौपाटी, समोरचं विल्सन कॉलेज, मग लॅबर्नम रोडवरचं मणी भवन, जिथे उषाबेनांनी पुढे अध्यक्ष म्हणून काम केलं, सगळं चालत होतं. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना दादरला गाडी बदलावी लागेल, एवढंच. आणि लॅबमध्ये शॉर्टवेव्ह रिसीव्हर हाताशी असेल तर एकदा ७.०८५ वर लावून बघा. जरा खाली सरकलात की मोर्सही ऐकू येईल. ऐकायला लायसन्स लागत नाही, बोलायला मात्र परीक्षा द्यावी लागते. उषाबेनांनी त्यासाठी किती मोठी परीक्षा दिली, ते आता तुम्हाला ठाऊक आहेच.